डेटा पाच जीबी, डिस्कवर सातशे: पोस्टग्रेसमधलं फुकटचं लिखाण कसं कमी करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३,००० गाड्यांवरचे जीपीएस ट्रॅकर दर १० सेकंदांनी आपलं ठिकाण पाठवतात. डेटाबेस पोस्टग्रेस १५, रॅम ३२ जीबी, एसएसडीवर सगळं. दोन टेबलं आहेत. ‘इतिहास’मध्ये प्रत्येक ठिकाणाची एक रो जाते. तिची प्रायमरी की (रो ओळखायची खूण) आवृत्ती ४ ची यूयूआयडी, म्हणजे १६ बाइटचा जगात एकमेव ठरणारा क्रमांक आहे, शिवाय गाडी आणि वेळ असा एक इंडेक्स (रो चटकन शोधायची सूची) आहे. ‘शेवटचं ठिकाण’मध्ये दर गाडीची एकच रो असते आणि ती सतत अपडेट होते. ९० दिवसांपेक्षा जुना इतिहास रोज रात्री डिलीट होतो आणि त्यामागून व्हॅक्यूम (मेलेल्या रो साफ करणारं काम) चालतो. डेटा दिवसाला जेमतेम ४-५ जीबी वाढतो, पण डिस्कचा काउंटर रोज सातशे जीबीच्या आसपास लिहिल्याचं सांगतो. बाकी सेटिंग्ज मूळचीच आहेत. ‘एफसिंक (लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री करणारं सेटिंग) बंद करू का?’ असं शेवटी विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. एफसिंक बंद ठेवून वीज गेली तर काही सेकंदांचा डेटा जाऊन भागत नाही, अख्खा डेटाबेस उघडेनासा होऊ शकतो. ‘फुल पेज राइट्स’ (बदललेल्या पेजची पूर्ण प्रत लॉगमध्ये ठेवणं) बंद करा असाही सल्ला कुणीतरी देईल, तोही नको. झेडएफएससारखी फाइलसिस्टिम पेज अर्धवट लिहिलं जाऊ देत नाही आणि तिथे हा मार्ग खुला असतो. ती वापरत नसाल तर त्या वाटेला जाऊ नका. आणि या सातशे जीबींचं मूळ त्या सेटिंग्जमध्ये नाही.

पोस्टग्रेसमध्ये लिखाणाचा हिशेब बाइटचा नसतो, पेजचा असतो. ८ केबीच्या पेजमधले ३० बाइट बदलले तरी पुढच्या चेकपॉइंटला (मेमरीत बदललेली पेजं डिस्कवर उतरवण्याच्या वेळी) ते पेज अख्खंच डिस्कवर जातं. त्याच्याही आधी राइट-अहेड लॉगमध्ये, म्हणजे आपण ज्याला वॉल म्हणतो तिथे, त्या बदलाची नोंद जाते. चेकपॉइंटनंतर ते पेज पहिल्यांदाच बदलत असेल तर नोंदीबरोबर अख्ख्या पेजची प्रतही वॉलमध्ये जाते. पेज लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धं जुनं, अर्धं नवं असं फाटकं पेज डिस्कवर राहतं, ते पूर्ववत करायला ही प्रत लागते. दोन चेकपॉइंटच्या मधे तेच पेज हजार वेळा बदललं तरी प्रत एकदाच जाते आणि पेजही साधारण एकदाच डिस्कवर उतरतं. हजार वेगवेगळी पेजं एकेकदा बदलली, तर हजार प्रती आणि हजार पेजं. म्हणून विचारायचं ते हे, की दोन चेकपॉइंटच्या मधे किती वेगवेगळी पेजं मळतात.

आता तुमचे आकडे या चौकटीत बसवू. सेकंदाला ३०० इन्सर्ट, दिवसाला २ कोटी ५९ लाख, ९० दिवसांचा साठा सुमारे २३३ कोटी रो. एवढ्या रोंचा यूयूआयडीचा इंडेक्स अंदाजे १०० जीबीचा होतो, म्हणजे त्याची सव्वा कोटी पानं (इंडेक्सची पेजं) झाली. आवृत्ती ४ ची यूयूआयडी पूर्ण यादृच्छिक असते, त्यामुळे प्रत्येक नवी नोंद या सव्वा कोटींतल्या कुठल्याही पेजवर जाऊन पडते. मूळ सेटिंगप्रमाणे चेकपॉइंट ५ मिनिटांनी होतो. तेवढ्यात ९०,००० इन्सर्ट होतात आणि जवळजवळ ९०,००० वेगळी पेजं मळतात. ८ केबीने गुणलं की ७०० एमबी. एवढं दर पाच मिनिटांना डेटा फाइलींमध्ये जातं, दिवसाला सुमारे २०० जीबी. वॉलमधल्या प्रतीतून पेजमधली रिकामी जागा वगळली जाते, तरी दर पाच मिनिटांना ४५०-५०० एमबी धरा, म्हणजे दिवसाला आणखी १३०-१४० जीबी. एका इंडेक्सपायी सव्वातीनशे जीबीहून जास्त!

याच टेबलावरचा गाडी आणि वेळ हा इंडेक्स पाहा. त्यावरही तेवढेच ९०,००० इन्सर्ट होतात. पण एका गाडीची नवी नोंद तिच्या आधीच्या नोंदीशेजारीच बसते, म्हणून मळणारी पेजं साधारण गाड्यांइतकीच: ३,००० पेजं, २४ एमबी. काम तेच, लिखाण तिसाव्या हिश्शाचं.

रात्रीचा डिलीट हा या दुखण्याचा दुसरा भाग आहे. डिलीट फक्त रोवर खूण करतो, इंडेक्समधल्या नोंदी व्हॅक्यूम काढतो. एका दिवसाच्या २ कोटी ५९ लाख मेलेल्या नोंदी सव्वा कोटी पेजांवर विखुरलेल्या असतात, दर पेजमागे सरासरी दोन. म्हणजे एका दिवसाचा इतिहास काढायला ९० दिवसांच्या इंडेक्सची ८५ टक्क्यांहून जास्त पेजं पुन्हा लिहावी लागतात. डेटा फाइलींमध्ये ८५-९० जीबी, वॉलमधल्या प्रती वेगळ्या. दोन्ही मिळून दीडशे जीबी कुठे गेले नाहीत.

उरलेलं बरंचसं कमिटमध्ये, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं करण्यात, जातं. तुमच्याकडे प्रत्येक ठिकाणासाठी वेगळं ट्रान्झॅक्शन आहे. कमिट झाला की वॉल डिस्कवर उतरवावा लागतो, आणि वॉलही ८ केबीच्या तुकड्यांत लिहिला जातो. नोंद ३०० बाइटची असली तरी तो तुकडा पूर्ण जातो आणि पुढच्या कमिटला तोच तुकडा पुन्हा. २ कोटी ५९ लाख गुणिले ८ केबी म्हणजे २०० जीबी. एकाच क्षणी आलेले कमिट पोस्टग्रेस एकत्र उतरवतं, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून कमी असेल. हे लिखाण वॉलच्या बाइटमोजणीत दिसत नाही, डिस्कच्या काउंटरवर दिसतं. या दोन आकड्यांचा मेळ का बसत नाही म्हणून पुष्कळ जण डोकं खाजवत बसतात, त्याचं कारण हे.

हे सगळं मी कागदावर मांडलं आहे, तुम्ही सर्व्हरवर ताडून पाहा. (सेटिंग आणि व्ह्यूंची नावं उच्चाराप्रमाणे देतो आहे, टाइप करताना शब्दांच्या मधे अंडरस्कोर घाला.) ‘पीजी स्टॅट वॉल’ हा व्ह्यू १४ पासून आहे. त्यात एकूण नोंदी, पूर्ण पेजच्या प्रती आणि बाइट मिळतात. तासाच्या अंतराने दोनदा वाचा आणि वजाबाकी करा. मग ‘पीजी वॉलडंप’ हे टूल रेकॉर्डनिहाय आकडेवारीच्या पर्यायासह एखाद्या तासाच्या वॉल फाइलींवर चालवा. कुठल्या प्रकारच्या नोंदीने किती जागा खाल्ली आणि त्यात पूर्ण पेजच्या प्रती किती, याचा तक्ता ते देतं. माझा अंदाज बरोबर असेल तर दिवसा बीट्रीच्या (पोस्टग्रेसच्या नेहमीच्या इंडेक्स प्रकाराच्या) ‘इन्सर्ट लीफ’समोर सर्वांत मोठा आकडा दिसेल आणि रात्री बीट्रीचाच व्हॅक्यूम वर येईल. तसं दिसलं नाही तर पुढचं वाचण्याआधी थांबा, तुमचं दुखणं वेगळं आहे.

चेकपॉइंट लांबवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. सल्ला बरोबर आहे. ‘मॅक्स वॉल साइज’ मुळात १ जीबी असतं आणि चेकपॉइंट प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपासच सुरू होतो. तुमच्या वॉलच्या वेगाला ५ मिनिटंही मिळत नसतील. ‘पीजी स्टॅट बीजीरायटर’मध्ये मागणीवरून झालेले चेकपॉइंट वेळेवर झालेल्यांपेक्षा जास्त दिसले तर हेच चाललं आहे. ते १६ जीबी करा, ‘चेकपॉइंट टाइमआउट’ ३० मिनिटं करा. क्रॅश झाल्यावर सर्व्हर उठायला जास्त वेळ लागेल, तो तुम्हाला किती चालतो ते ठरवा.

पण त्यावर फार विसंबू नका. अर्ध्या तासात तुमचे ५,४०,००० इन्सर्ट होतात. सव्वा कोटी पेजांत ते पसरले तर तीही बहुतेक वेगवेगळीच पेजं निघणार. तेच पेज पुन्हा मळत असेल तरच चेकपॉइंट लांबवून लिखाण वाचतं. तुमच्याकडे पेजांची पुनरावृत्तीच होत नाही. त्यामुळे सेटिंग बदलून हा आकडा फारसा हलणार नाही, प्रायमरी कीच बदलावी लागेल.

तर इतिहासातली एखादी रो तिच्या यूयूआयडीवरून कोणी कधी शोधतं का? ‘पीजी स्टॅट युजर इंडेक्सेस’मध्ये त्या इंडेक्सचे स्कॅन बघा. युनिकपणा तपासणं त्या आकड्यात धरलं जात नाही, म्हणून शून्य दिसलं तर ते खरंच शून्य आहे. फक्त रेप्लिकावर (डेटाबेसची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर) रिपोर्ट चालत असतील तर तिथलाही आकडा बघा, तो वेगळा मोजला जातो. मला तिथे शून्याचीच अपेक्षा आहे. फ्रेमवर्क प्रत्येक टेबलाला आयडी लावतं आणि कोणी ‘यूयूआयडी सुरक्षित असते’ म्हणतं, एवढ्या भांडवलावर असे शंभर जीबीचे इंडेक्स उभे राहतात. गाडी आणि वेळ हीच प्रायमरी की करा. ट्रॅकर नेटवर्क तुटल्यावर तेच ठिकाण पुन्हा पाठवतात, तो दुबारपणाही ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ने आपोआप गाळला जाईल. साधा इन्सर्ट करून एरर पकडू नका. त्यात रो आधी टेबलात लिहिली जाते, मग इंडेक्सवर आपटते आणि मेलेली रो व्हॅक्यूमसाठी मागे उरते.

बाहेरच्या सिस्टिमना यूयूआयडी हवीच असेल तर आवृत्ती ७ वापरा. तिच्या सुरुवातीला वेळ असते, त्यामुळे नव्या नोंदी इंडेक्सच्या उजव्या टोकाला एकत्र पडतात. पोस्टग्रेस १८ मध्ये त्यासाठी फंक्शन आलं आहे, १५ वर ती अॅप्लिकेशनमधून बनवून पाठवा. कॉलमचा प्रकार तोच राहतो.

त्यासोबत टेबलाचं वेळेनुसार पार्टिशन करा, म्हणजे तुकडे पाडा, दर दिवसाचं एक. मग जुनं काढणं म्हणजे पार्टिशन ड्रॉप करणं, फाइली पुसल्या की संपलं. रात्रीचे दीडशे जीबी तिथेच वाचतात. पार्टिशनच्या टेबलाची प्रायमरी की पार्टिशनचा कॉलम पोटात घेणारी लागते. गाडी आणि वेळ या कीमध्ये वेळ आहेच, म्हणून अडचण नाही. यूयूआयडीचा इंडेक्स ठेवावाच लागला तरी पार्टिशनमुळे दिवसाचा इंडेक्स १ जीबीच्या आसपास राहील, सव्वा-दीड लाख पेजं. एवढ्या लहान इंडेक्सवर अर्ध्या तासात ५,४०,००० इन्सर्ट म्हणजे तीच पेजं पुन्हा पुन्हा मळणार, आणि मग चेकपॉइंट लांबवण्याचा खरा फायदा मिळेल.

कमिटचं उत्तर सोपं आहे. ट्रॅकरकडून घेणाऱ्या प्रोग्रॅमने सेकंदभराची ठिकाणं गोळा करावीत आणि ३०० रो एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, ‘कॉपी’ कमांडने किंवा अनेक रोंच्या एका इन्सर्टने टाकाव्यात. इतिहासाच्या टेबलावर थेट कॉपी करताना ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ लावता येत नाही, म्हणून अनेक रोंचा इन्सर्ट इथे बरा. दिवसाला २ कोटी ५९ लाखांच्या जागी ८६,४०० कमिट. याचा आणखी एक फायदा असतो तो सहसा कोणी मोजत नाही. पोस्टग्रेसला जुन्या रो कधी ना कधी फ्रीझ कराव्या लागतात (त्यांवर ‘सर्वांना दिसणारी’ अशी कायमची खूण करावी लागते), आणि मूळ सेटिंगमध्ये ट्रान्झॅक्शन क्रमांकांचं अंतर २० कोटींवर गेलं की त्यासाठी व्हॅक्यूम सक्तीने चालू होतो. तुमच्या आजच्या वेगाने ते आठ दिवसांत होतं, म्हणजे इतिहासाचं जवळजवळ प्रत्येक पेज भरून झाल्यावर फ्रीझसाठी पुन्हा एकदा लिहिलं जातं. दिवसाला ८६,४०० ट्रान्झॅक्शन असतील तर २० कोटी व्हायला सहा वर्षं लागतील. तुमचं पार्टिशन ९० दिवसांत ड्रॉपच होतं, बहुतेक पेजांवर फ्रीझची पाळीच येणार नाही.

गोळा करणं जमत नसेल तर या एका कामापुरतं ‘सिंक्रोनस कमिट’ बंद ठेवा. ते ट्रान्झॅक्शननिहाय ठरवता येतं. क्रॅश झाला तर शेवटचे काही कमिट जातात, मूळ सेटिंगमध्ये जास्तीत जास्त ६०० मिलिसेकंदांतले. डेटाबेस मात्र शाबूत राहतो. गाडीचं एक ठिकाण गेलं तर बिघडत नाही. त्याच सर्व्हरवर ड्रायव्हरांचे पैसे किंवा डिझेलचा हिशेब असेल तर तिथे सिंक्रोनस कमिट बंद करू नका.

‘शेवटचं ठिकाण’ हे टेबल ३,००० रोंचं, अर्ध्या एमबीचंही नाही. सातशे जीबीत त्याचा वाटा लहान आहे, पण सुधारणा फुकटात होते. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे रोची नवी आवृत्ती लिहिणं, आणि साधारणपणे प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद करणं. २०१६ मध्ये उबरने पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएलकडे जाताना जी कारणं दिली त्यांत हे एक मोठं होतं. (इनोडीबीत, म्हणजे मायएसक्यूएलच्या साठवण इंजिनात, साधा कॉलम बदलला तर दुय्यम इंडेक्सला हात लागत नाही. पण तिथे टेबलच प्रायमरी कीच्या क्रमाने रचलेलं असतं, त्यामुळे तुमची यादृच्छिक यूयूआयडी तिथे आणखी महागात पडली असती.) पोस्टग्रेस ८.३ पासून यावर हॉट अपडेट ही सोय आहे. इंडेक्स असलेला एकही कॉलम बदलला नाही आणि त्याच पेजमध्ये नव्या आवृत्तीला जागा मिळाली, तर इंडेक्सला हात लावला जात नाही.

‘शेवटची वेळ’ या कॉलमवर तुम्ही इंडेक्स ठेवला असेल, कारण दहा मिनिटं न बोललेल्या गाड्या शोधायच्या असतात. तो कॉलम प्रत्येक अपडेटला बदलतो, म्हणजे एकही अपडेट हॉट होत नाही. ३,००० रोंचं टेबल पूर्ण वाचायला एखादा मिलिसेकंद लागतो, तो इंडेक्स काढून टाका. आवृत्ती १६ पासून ब्रिन इंडेक्समुळे (तो पेजांच्या गटामागे फक्त किमान-कमाल किमती ठेवतो) हॉट अडत नाही, पण इथे ब्रिनचाही उपयोग नाही, कारण प्रत्येक पेजमध्ये ताज्याच वेळा असतात.

दुसरी गोष्ट जागेची. टेबलाचा ‘फिलफॅक्टर’ मुळात १०० असतो, पेज गच्च भरलेलं. शिंपी शिवणीत माया ठेवतो तशी इथे पेजमध्ये ठेवायची. फिलफॅक्टर ५० करा आणि एकदा व्हॅक्यूम फुल चालवा, कारण आधी भरलेल्या पेजांना नवी मर्यादा लागू होत नाही. एवढं लहान टेबल क्षणात होतं. त्यानंतर ‘पीजी स्टॅट युजर टेबल्स’मधल्या एकूण अपडेटपैकी हॉट किती ते पाहा, ९५ टक्क्यांच्या वर असायला हवेत. तरीही नसतील तर तासन्तास उघडं राहिलेलं एखादं ट्रान्झॅक्शन शोधा. जुन्या आवृत्त्या कोणाला तरी दिसायला हव्यात म्हटल्यावर त्या साफ होत नाहीत, आणि ठेवलेली माया भरून जाते. बहुतेकदा तो कुणाच्या तरी लॅपटॉपवरचा उघडा राहिलेला क्वेरी टूल असतो.

उभ्या गाडीचं काय, हा धंद्याचा प्रश्न आहे, पण लिखाण त्यानेच सर्वांत स्वस्तात कमी होतं. रात्रभर डेपोत उभा असलेला ट्रक दर १० सेकंदांनी तेच अक्षांश-रेखांश पाठवतो. गाडी हलली तरच इतिहासात रो टाका, नाहीतर पाच मिनिटांना एक. हे डेटाबेसच्या आधीच, घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये करा. अपडेटमध्ये किंमत तीच असली तरी पोस्टग्रेस नवी आवृत्ती लिहितंच, ‘काही बदललं नाही’ म्हणून सोडून देत नाही. ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ची अट घालून ते टाळता येतं. पण ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ला अशी अट लावली, तर अट खोटी ठरली तरी ती रो लॉक होते, आणि रो लॉक करणं हेही पोस्टग्रेसमध्ये लिहिणंच आहे.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. ‘वॉल कॉम्प्रेशन’ला १५ मध्ये एलझेड४ चालतं, ते लावा. पूर्ण पेजच्या प्रती त्याने आकसतात, सीपीयूचा खर्च नगण्य. ‘लॉग टेंप फाइल्स’ शून्यावर ठेवून दिवसभर बघा. रिपोर्टच्या क्वेरी ४ एमबीच्या ‘वर्क मेम’मध्ये मावत नसतील तर सॉर्ट डिस्कवर उतरतो. अशा क्वेरीपुरता तो वाढवा, सरसकट नको. ‘आर्काइव्ह टाइमआउट’ १ मिनिट असेल तर थोड्या कामासाठीही दर मिनिटाला १६ एमबीची फाइल आर्काइव्हला जाते, दिवसाला २२.५ जीबी. ५ मिनिटं पुरत असतील तर ५ करा.

आता हे चालू सर्व्हरवर कसं आणायचं. २३३ कोटी रो नव्या टेबलात हलवू नका, वाचवायला निघालेलं लिखाण त्यातच जाईल. पार्टिशनचं नवं टेबल बनवा, नवे इन्सर्ट तिकडे वळवा, आणि वाचणाऱ्यांसाठी दोन्ही टेबलं ‘युनियन ऑल’ने जोडणारा व्ह्यू द्या. इन्सर्ट वळले की जुन्या टेबलावरची यूयूआयडीची प्रायमरी की त्याच दिवशी काढा. शंभर जीबी जागा लगेच सुटेल आणि नव्या पार्टिशन्सना कामी येईल. रात्रीचा डिलीट बंद करा. त्यामुळे जुनं टेबल ९० दिवस आहे तेवढंच राहील आणि नवं वाढत जाईल, तेवढी जागा डिस्कवर आहे ना ते आधी तपासा. नसेल तर जुन्या टेबलावरचा डिलीट चालू ठेवा. यूयूआयडीचा इंडेक्स गेल्यावर तोही पूर्वीपेक्षा बराच हलका पडेल. ९१ व्या दिवशी जुनं टेबल ड्रॉप करा आणि व्ह्यूतून त्याचं नाव काढा.